भर दुपारी वाजणारा वाडगा

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत. आहे ते एक तोंड, आणि तेही जन्मापासून उघडंच. माझ्यावर जो कोणी वाकतो त्याचाच चेहरा मला नीट दिसतो. बाकीची माणसं म्हणजे माझ्यासाठी नुसते आवाज आणि जाणारे-येणारे बूट.

मी एक जुना इनॅमलचा वाडगा आहे. रंग पांढरा, कडेला निळी रेघ, एका बाजूला टवका उडालेला आणि बुडाला पोचा. मेंढ्यांच्या एका मोठ्या कुरणावर, घराच्या मागच्या दाराशी फरशीवर माझी जागा आहे. माझ्याबद्दल तुम्ही काही ऐकलं असेल, तर ते चांगलं नसणार. लोक मला झपाटलेला वाडगा म्हणत. खरं सांगू? मधले काही महिने मलाही ते पटलं होतं.

तसा माझा जन्म साधाच. कारखान्यात पत्र्याची चकती दाबून मला आकार दिला, अंगावर मुलामा चढवला आणि भट्टीत घातलं. आत असताना मी लाल होतो, बाहेर आलो तो पांढराशुभ्र. तिथून मी आलो तो थेट ताईंच्या स्वयंपाकघरात. ताई म्हणजे या कुरणाच्या मालकांची थोरली बहीण. कुरण मालकांचं, पण घर ताईंच्या शब्दावर चालतं. पीठ मळायला त्यांना मीच लागे. शेजारचं एखादं भांडं घ्या म्हटलं तरी त्या घेत नसत.

पण एके दिवशी मी त्यांच्या पिठाळ हातांतून निसटलो. बुडाला पोचा आला, कडेचा टवका उडाला. "टवका पोटात गेला म्हणजे?" असं म्हणून ताईंनी मला मागच्या दाराबाहेर कुत्र्यासाठी ठेवलं. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं चाकरी केली आणि शेवटी काय, तर दाराबाहेर. पोच्यामुळे मी फरशीवर नीट बसतही नव्हतो. जरा धक्का लागला की डगडगायचो आणि टिकटिक आवाज व्हायचा.

माझा राग मास्तरनं घालवला. मास्तर म्हणजे तेव्हाचा मेंढ्या राखणारा कुत्रा. तोंड गंभीर, चाल संथ. मेंढ्यांमागून असा चालायचा, जणू सगळ्यांच्या वह्या तपासायच्या राहिल्यात. घरातलं उरलंसुरलं खायचा आणि मग मला असा चाटून पुसायचा की ताईंनीही मला कधी इतकं मनापासून घासलं नव्हतं.

पुढे मालकांनी कुरणावरच एक कापणीची खोली बांधली. आठवड्यातून दोनदा खाटीक यायचा. बाकी सगळं मांस बाजारात जाई, पण मेंढीच्या गळ्याला गिऱ्हाईक नसे. मालकांनी नियमच केला, की गळा कुत्र्याचा. तो बारीक करून बर्फात ठेवायचा आणि रोज घालायचा.

"माझं कुत्रं दुकानातला भुसा खाणार नाही," मालक पाहुण्यांना सांगत. "घरचं, ताजं, डोळ्यांदेखत कापलेलं."

पाहुणे म्हणत, "नशीब काढलं कुत्र्यानं." त्या दिवसांत मला माझा किती अभिमान वाटे. माझ्याएवढा भरलेला वाडगा आसपासच्या कुठल्याच कुरणावर नव्हता.

वर्षभरात मास्तर वाळला. झोपेना, बसेना, सारखा धापा टाकी. एका सकाळी तो आलाच नाही. "वय झालं होतं," मालक म्हणाले. ते खरंही होतं, म्हणून कोणी पुढे काही विचारलं नाही.

मग आली काजळी. डोळ्यांभोवती काळे पट्टे, म्हणून हे नाव. दोन वर्षांची, तुरतुरीत, आणि खाण्यात अशी रमणारी की नाक माझ्या बुडाला टेकलं तरी तिला कळत नसे. पहिले काही महिने सगळं छान चाललं होतं. त्यानंतर जे सुरू झालं ते मी तुम्हाला जसं घडलं तसं सांगतो.

कुरणावर भर दुपारी कोणी जागं नसतं. ऊन टळटळीत, मेंढ्या सावलीला दाटीवाटीनं उभ्या, माणसं आडवी झालेली. अशा वेळी काजळी चालू लागली. दारापासून हौदापर्यंत, हौदापासून कुंपणापर्यंत आणि परत. तिला कोणी हाक मारलेली नसे, कोणी हाकललेलं नसे. तिच्या पायांनी धुळीत एक वाट पाडली आणि त्या वाटेवर पुन्हा कधी गवत उगवलं नाही.

खायला ती धावतच येई. रोज तिचा चेहरा माझ्यावर वाके आणि रोज तो थोडा वेगळा असे. डोळे मोठे होत चालले होते, गाल आत जात होते. ताई म्हणत, "पोर वाळली गं माझी," आणि आणखी एक मूठ घालत. मग दोन मुठी. मग दोनदा. पण काय सांगू मित्रांनो, माझ्यात जितकं जास्त पडे, तितकी काजळी कमी होई.

आणि मग मी वाजू लागलो.

भर दुपारी, आत काही नसताना, कोणी हात लावलेला नसताना. टिकटिकटिकटिक. ताई स्वयंपाकघरातून कानोसा घेत. दार उघडलं की आवाज बंद. फरशीवर मी रिकामा, आणि पलीकडे काजळी उभी राहून धापा टाकत हवेत कुठेतरी बघत असलेली. ताई तिच्या नजरेच्या दिशेनं बघत. तिकडे काहीच नसे. दार लावलं की थोड्या वेळानं पुन्हा टिकटिक. माझं अंग थरथरतंय एवढं मला कळे. का थरथरतंय ते कळत नसे.

एकदा खाटीक गळ्याचं मांस घेऊन आला आणि हसत म्हणाला, "ताई, खरं खातोय तो हा वाडगा. कुत्रं आपलं नावाला."

ताई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मास्तरही ह्याच्यातच खायचा."

मग खाटीकही हसायचा थांबला. त्या दिवसापासून सगळे माझ्याजवळून जाताना बूट जरा लांबून नेऊ लागले.

शेवटी ताईंनी मला फडक्यात गुंडाळून उचललं, कोंडवाड्यामागच्या कोरड्या चरापर्यंत नेलं आणि टाकून दिलं. मी उपडा पडलो. तोंडात माती, वर अंधार. मनात आलं, बरंच झालं. मी कोणाला खात असेन, तर माझी जागा इथेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी मला उलथवलं. कडेवर दात लागले, ओळखीचे. काजळी मला तोंडात धरून निघाली. तिच्यात त्राण नव्हतं. तीन वेळा मी तिच्या तोंडातून पडलो आणि तीनही वेळा तिनं मला पुन्हा उचललं. मागच्या दाराशी माझ्या जागेवर तिनं मला ठेवलं आणि ती पुन्हा आपल्या वाटेवर चालू लागली. बिचारीला भूक लागली होती, इतकंच.

पण हे पाहिलं कोणी? ताई दार उघडून बाहेर आल्या, माझ्यावर वाकल्या, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "मी ह्याला माझ्या हातानं टाकला होता," त्या पुटपुटल्या. त्यानंतर त्यांनी मला कधी हात लावला नाही. मांस उभ्यानंच वरून टाकत आणि चटकन दार लावून घेत.

त्याच आठवड्यात काजळीनं एका कोकराच्या पायाला दात लावला. कोकरू वाचलं. पण कुरणावरचा नियम सगळ्यांना ठाऊक होता. ज्या कुत्र्यानं कोकराला दात लावला, ते कुत्रं ठेवत नाहीत.

दारातच दोघं भावंडं बोलत होती.

"परवा डॉक्टरीणबाई यायच्या आहेत, कोकरांना टोचायला," मालक म्हणाले. "तेव्हाच हिचंही उरकून घेऊ."

"भाऊ, ती आजारी आहे रे."

"आजारी कुत्रं असं खातं का, ताई? सांग ना. दिवसाला दोन वाडगे फस्त करतंय. आजारपण असं असतं?"

मालकांचा आवाज जड झाला होता. ते म्हणाले, "परवापर्यंत पोटभर घाल तिला. काही कमी करू नकोस." ताईंनी मला काठोकाठ भरलं. दोन दिवस मी मरणाचं जेवण वाढत होतो आणि तिनं ते शेपटी हलवत खाल्लं.

तिसऱ्या दिवशी दुपारी जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. कोकरांचं काम आटोपून त्या मागच्या दाराशी आल्या. मालक होते, ताई होत्या, खाटीक होता. काजळी माझ्या कडेवर छाती टेकून पडली होती, चालून थकली की रोज पडे तशीच. दार उघडल्यावर रोज ती उठे. त्या दिवशी तिला उठताच आलं नाही. म्हणून आवाजही थांबला नाही.

टिकटिकटिकटिक.

"ऐकलंत?" ताई हलक्या आवाजात म्हणाल्या. "हाच तो."

कोणी जागचं हललं नाही. डॉक्टरीणबाई मात्र गुडघ्यांवर बसल्या आणि माझ्यावर वाकल्या. इतक्या महिन्यांत एवढ्या जवळून मला कोणी पाहिलं नव्हतं. त्यांनी काजळीची छाती तळहातानं जराशी उचलली. आवाज थांबला. हात काढला. आवाज सुरू झाला. पुन्हा एकदा तसंच केलं.

"वाडगा वाजत नाहीये," त्या म्हणाल्या. "हिचं काळीज वाजतंय."

मग घड्याळाकडे बघत त्या ठोके मोजू लागल्या. मोजता मोजता त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मेंढ्यांचं वजन कधी करता?"

"दर आठवड्याला," मालक म्हणाले. "त्यावरच खुराक ठरतो."

"आणि हिचं?"

मेंढ्यांना वजनकाट्यावर तोलून आणि काजळीला अंदाजपंचे, असा सगळा मायेचा कारभार होता.

डॉक्टरीणबाईंनी माझ्या तळाशी उरलेला एक तुकडा चिमटीत धरला. "हे काय घालता?"

"गळा," खाटीक म्हणाला. "रोजचा. एकदम ताजा असतो."

"अख्खा गळा आणा बरं एक."

त्यानं आणला. त्यांनी सुरी घेतली आणि श्वासनळीच्या दोन्ही बाजूंनी दोन गडद लाल गाठी काढल्या, बदामाएवढ्या. त्या तळहातावर ठेवून त्यांनी सगळ्यांना दाखवल्या.

"प्रत्येक जनावराच्या गळ्यात ही ग्रंथी असते. शरीरानं किती वेगानं चालायचं ते हिच्यातला रस ठरवतो. काजळीची स्वतःची आहेच. वर रोज आपण मेंढ्यांच्या घालतोय. म्हणून ती झोपत नाही, खाते तेवढं जाळते, चिडते, आणि काळीज असं पळतं. तुम्ही वाढवत गेलात तशी ती वाळत गेली."

"शिजवून घातलं तर?" ताईंनी विचारलं.

"तरी तो रस जात नाही. गळा बंद." त्यांनी पिशवीतून सुई काढली. मालकांनी मान फिरवली. "ही शेवटची सुई नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्त घेतेय. तपासून खात्री करू. तोवर हिला कोकरांपासून लांब ठेवा आणि मला सहा आठवडे द्या."

"दुकानातलं घालू का मग?" मालकांनी विचारलं. विचारताना त्यांना किती जड गेलं ते आवाजात कळत होतं.

"दुकानातलं म्हणून वाईट नसतं आणि घरचं म्हणून चांगलं नसतं. आत काय आहे आणि या जनावराला त्यातलं किती हवं, एवढं विचारायचं. तुम्हाला माहीत नसेल तर मला विचारा. माझं कामच ते आहे."

चार दिवसांनी रक्ताचा निकाल आला. त्यांचं म्हणणं खरं निघालं. ताईंनी एक कागद स्वयंपाकघरात चिकटवला. काय घालायचं, किती घालायचं, आणि दर आठवड्याला काजळीचं वजन. मेंढ्यांच्या वजनकाट्यावर तीही उभी राहू लागली. पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा खाटकानं तो इवलासा आकडा वाचला आणि टोपी काढून हातात घेतली.

दिवस गेले. टिकटिक आधी सावकाश झाली, मग थोडी थोडी कमी. आणि सहाव्या आठवड्यात एका दुपारी काजळी माझ्या कडेवर छाती टेकून पडली आणि मी वाजलोच नाही.

इतके महिने मला त्या आवाजाची भीती वाटत होती. त्या दुपारी शांततेची वाटली. माझ्या मनात नको ते आलं. मास्तर असाच गप्प झाला होता.

बूट वाजले. जवळ आले. आणि माझ्यावर एक चेहरा वाकला, जो मी या दारात इतकी वर्षं काढूनही कधी पाहिला नव्हता. आवाजावरून ओळखलं, ते मालक होते. चेहरा मी समजत होतो त्यापेक्षा म्हातारा होता. त्यांनी काजळीच्या छातीवर हात ठेवला आणि ओठांतल्या ओठांत मोजू लागले. एक. बऱ्याच वेळानं दोन. मग तीन. काजळी घोरली. ती झोपली होती, भर दुपारी, शहाण्या कुत्र्यासारखी.

मालक हात न काढता तसेच बसून राहिले. मागे ताई येऊन उभ्या होत्या.

"मास्तरलाही हेच झालं होतं ना गं?" मालकांनी विचारलं.

"तेव्हा आपल्याला कुठे ठाऊक होतं, भाऊ."

"ठाऊक नव्हतं," मालक म्हणाले. "पण विचारलंही नव्हतं."

मित्रांनो, मी झपाटलेला नव्हतो. पण ताईंची माया आणि मालकांचा अभिमान रोज माझ्यात काय घालत होते, ते आठवलं की माझ्या पत्र्यावर अजून काटा येतो. मी अजून त्याच दाराशी आहे, टवक्यासकट. काजळी बाहेर मेंढ्या राखते आणि दुपारी येऊन झोपते. तुमच्या घरी माझ्यासारखा एखादा वाडगा असेल, तर आज तो भरताना उभ्यानं भरू नका. एकदा खाली बसा आणि आत वाकून बघा, की काय घालतोय. मास्तरच्या वेळी कोणी वाकलं नव्हतं.