सहावे रीळ

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत दर रविवारी सकाळी पाच माणसे जमत आणि एकाच दशकातल्या चित्रपटांवरून भांडत. दशक ऐंशीचे. दुकानाचे मालक, त्यांची सून, न्यायालयातून निवृत्त झालेल्या टायपिस्टबाई, शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवलेले मास्तर आणि गावातल्या चित्रपटगृहात सव्वीस वर्षे यंत्र चालवलेले ऑपरेटर. त्या चित्रपटगृहाचे आता फर्निचरचे गोदाम झाले होते.

भांडणालाही नियम होता, आणि तो टायपिस्टबाईंनी घालून दिला होता. साक्षीपुराव्याशिवाय काही नोंदवायचे नाही, असे त्यांचे म्हणणे. ज्याला चित्रपट सुचवायचा असेल त्याने उभे राहून त्यातला एक प्रसंग आठवणीतून सांगायचा आणि मध्येच थांबून खाली बसायचे. मग दुसऱ्या कुणीतरी उठून तो पुरा करायचा. दोघांचे जुळले तरच सूनबाई तो चित्रपट यादीत घेत. ती यादी त्या दरवर्षी इंटरनेटवर टाकत आणि कुठल्या कुठल्या गावांतून माणसे त्यांना लिहीत. चष्मेवाल्यांच्या विनोदी चित्रपटांना मात्र कधीच साक्षीदार मिळत नसे. “तो तुम्ही आणि तुमच्या मेव्हण्यांनी पाहिला,” टायपिस्टबाई म्हणत, “आणि मेव्हणे झोपले होते.”

यादीत पहिला क्रमांक मात्र नऊ वर्षे ठरलेला होता. ‘दुसरी किल्ली’. दोन भावांचा छापखाना, त्याच्या दाराला दोन कुलुपे, एकेकाची किल्ली एकेकाकडे. मास्तर उठत, घसा साफ करत आणि सांगत, की थोरला भाऊ लोखंडी पान्हा उचलतो, धाकटा मागे सरतो, त्याची पाठ यंत्राला टेकते, पान्हा वर जातो. इथे मास्तर खाली बसत. मग ऑपरेटर उठत. “आणि एकदम अंगण,” ते म्हणत. “उन्हात बाक. दोघं शेजारी बसून वाटाणे सोलतायत. कुणी काही बोलत नाही.”

पान्ह्यावरून थेट अंगणात मारलेल्या त्या उडीवर मास्तरांनी दोन लेख लिहिले होते. समेट कसा झाला, कुणी माघार घेतली, हे दिग्दर्शकाने दाखवलेच नाही. क्षमेला कारण लागत नाही, एवढेच त्याला म्हणायचे होते, असे मास्तर सांगत. चित्रपट तीन आठवडे चालला आणि पुढे त्याच्या प्रतीच हरवल्या. त्यामुळे हे खरे की खोटे हे पडताळण्याची सोय कुणालाच नव्हती.

त्या रविवारी सूनबाईंनी पिशवीतून एक पत्र काढले. दिग्दर्शकाच्या नातेवाइकांच्या माळ्यावर एक पूर्ण प्रत सापडली होती, चित्रपट संग्रहालयाने ती स्वच्छ केली होती आणि पुढच्या रविवारी सकाळी अकराला ग्रंथालयाच्या सभागृहात दाखवायला तिची फाइल पाठवत होते. यंत्रावर ऑपरेटरकाकांनीच बसायचे, असे सूनबाईंनी परस्पर ठरवूनही टाकले होते. मास्तर लहान मुलासारखे हसले आणि आधी वीस मिनिटे बोलण्याचे त्यांनी कबूल केले. विषय अर्थातच ती उडी.

“पूर्ण म्हणजे किती पूर्ण?” ऑपरेटरांनी विचारले.

“पूर्ण म्हणजे पूर्ण, काका. चौदाच्या चौदा रिळं.”

ऑपरेटरांनी कप बशीवर ठेवला, तो कलंडला.

त्यांनी लावली होती तेरा. पहिल्याच दिवशी, दुपारच्या खेळाआधी, त्यांनी सहाव्या रिळाचा चपटा डबा खिडकीच्या कट्ट्यावर घेतला होता आणि त्याचे टेबल करून त्यावर जेवले होते. जेवण होते न होते तोच घंटा झाली. डबा तिथेच राहिला, वर जेवणाचा डबा, त्यावर पालथी वाटी. पाचवे रीळ संपत आले तेव्हा पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात रीळ बदलण्याच्या खुणेचा काळा ठिपका दिसला, हात सवयीने खाली गेला आणि रांगेतला पुढचा डबा दुसऱ्या यंत्रावर चढला. तो सातवा होता. पान्हा वर गेला आणि पडद्यावर ऊन पडले. तेव्हा कुठे ऑपरेटरांना वाटीखालचा डबा दिसला. पण खाली सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. खेळ सुटल्यावर व्यवस्थापक जिना चढून वर आले आणि म्हणाले, की इतके शांत प्रेक्षक त्यांनी जन्मात पाहिले नव्हते, आज जे जसे लावले ते तसेच राहू दे. ते आवाजाच्या बटणाबद्दल बोलत होते. ऑपरेटरांनी मात्र तो हुकूम समजला, कारण तसे समजणे सोयीचे होते. एकदा गिळलेले पुढे दर खेळाला गिळणे भाग होते. मास्तरांनी पहिला खेळ पाहिला आणि नंतर आणखी नऊ पाहिले.

एवढेच असते तर ऑपरेटरांनी ते कधीतरी हसण्यावारी नेले असते. पण मास्तरांचे आणि त्यांच्या धाकट्या भावाचे त्या वेळी अकरा वर्षे बोलणे नव्हते. दहाव्यांदा चित्रपट पाहून मास्तर थेट भावाच्या घरी गेले आणि तो दाराशी जाळी दुरुस्त करत बसला होता तिथे काही न बोलता त्याच्याशेजारी बसले. ही हकीकत त्यांनी ऑपरेटरांना कितीदा तरी सांगितली होती.

सोमवारपासून ऑपरेटरांचा पाय घरात ठरेना. दुरुस्तीला आलेले पंखे उघडून ते तसेच टाकत, दारापर्यंत जात, परत येत. एका रेग्युलेटरचे स्क्रू त्यांनी दुसऱ्यात बसवले. मंगळवारी रात्रभर कूस बदलत राहिले. सकाळी बायकोने चहा पुढे ठेवला आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. तिला सगळे ठाऊक होते, कारण त्या दिवशीचा जेवणाचा डबा तिनेच भरला होता.

“सांगून टाका, नाहीतर गिळून टाका,” ती म्हणाली. “हे तोंडात धरून फिरणं बंद करा. पाहिजे तर माझ्या भाजीवर ढकला.”

बुधवारी ते मास्तरांच्या घरी गेले. अंगणात दोघे भाऊ जुन्या खुर्चीला नवा वेत विणत होते. एक जण वरून पट्टी सोडत होता, दुसरा खालून ओढत होता. धाकट्याने ऑपरेटरांकडे बघून सांगितले, की दादाने त्याला रविवारी पहिल्या रांगेत बसायचा आदेश दिला आहे, आणि ज्या पिक्चरमुळे ही जळू आपल्याला चिकटली तो आता एकदा बघायलाच हवा. मास्तरांनी न बघता त्याला कोपराने ढोसले. ऑपरेटरांनी कार्यक्रम अकरालाच ना, एवढे विचारले आणि चहाला न थांबता निघाले. अर्ध्या रस्त्यातून परत फिरले. कोपऱ्यावर पोचून पुन्हा घरी वळले.

शनिवारी दुपारी सभागृहात चाचणी होती. सूनबाईंनी संगणक जोडून दिला, बाणाचे चिन्ह असलेले बटण दाखवले आणि दाबले की चित्र पुढे सरकते, चुकून हात लावू नका, असे बजावून त्या दुकानात गेल्या. मास्तर व्यासपीठावर उभे राहून रिकाम्या खुर्च्यांसमोर भाषण म्हणत होते. ऑपरेटर त्या बटणाकडे पाहत राहिले. सहावे रीळ म्हणजे बारा मिनिटांचा प्रश्न होता. एकदा बोट ठेवले की सारे होते तसे राहिले असते, आणि हे कळणारा माणूस सभागृहात एकच असता.

मास्तर म्हणत होते, “मी भावाकडे काय बोलायचं ते ठरवून गेलो असतो, तर पुन्हा भांडूनच आलो असतो. त्या दिग्दर्शकाने मला गप्प बसायला शिकवलं.”

“मास्तर,” ऑपरेटर म्हणाले. “ती उडी दिग्दर्शकाची नाही. माझी आहे.”

मग त्यांनी सगळे सांगितले, कट्टा, वाटी, ठिपका, व्यवस्थापक, काही न गाळता. मास्तर व्यासपीठावरून उतरले नाहीत.

“किती खेळ?”

“सगळे. तीन आठवडे.”

“आणि त्या रिळात आहे काय?”

“मला माहीत नाही. मी ते कधी लावलंच नाही. बघायची हिंमत झाली नाही.”

मास्तरांनी हातातल्या कागदांची घडी घातली, मग आणखी एक. “नऊ वर्षं मी खाली बसलो की तुम्ही उठत होतात,” ते म्हणाले. “माझी साक्ष तुम्ही देत होतात.” एवढे बोलून ते बाजूच्या दाराने निघून गेले. त्यांची छत्री खुर्चीला लटकलेलीच राहिली.

रविवारी सभागृह भरले. मास्तर आले, पण घसा बसला आहे असे त्यांनी सूनबाईंना सांगितले आणि भावाला घेऊन शेवटच्या रांगेत बसले. पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या. चष्मेवाल्यांनी उठून चार वाक्यांत त्या उडीची वाहवा केली आणि दिवे मालवले. ऑपरेटरांचे टेबल मागे, मास्तरांपासून सहा हातांवर होते. आठवडाभर त्यांना वाटत होते, की एकदा सांगितले म्हणजे जीव भांड्यात पडेल. तो पडला नव्हता. उलट आता त्यांच्या अस्वस्थतेत भागीदार झाला होता आणि तो त्यांच्याकडे बघतही नव्हता.

छापखाना आला. दोन कुलुपे आली. भांडण तापत गेले. बाणाच्या बटणावर बोट कधी गेले ते ऑपरेटरांना कळले नाही. त्यांनी मास्तरांकडे पाहिले, मान हलते का, हो किंवा नाही काहीतरी. मास्तर पडद्याकडे पाहत होते. उजव्या कोपऱ्यात काळा ठिपका चमकून गेला. संग्रहालयाने सगळे ओरखडे पुसले होते, तो मात्र ठेवला होता. पहिल्या वेळी ती चूक होती. दुसऱ्यांदा तिला चूक म्हणता आले नसते. ऑपरेटरांनी हात उचलून मांडीखाली घातला आणि त्यावर बसून राहिले.

सहावे रीळ वाईट नव्हते. त्यात सगळे सांगितले होते, एवढेच. थोरल्याचा हात लटपटतो, पान्हा पडतो. शेजारी धावत येतात. अंथरुणाला खिळलेली आई दोघांना बोलावते, दोन्ही किल्ल्या मागून घेते आणि लहानपणापासूनचे सारे बोलून दाखवते. थोरला रडतो, धाकटा रडतो, मागे व्हायोलिन रडते. मधल्या रांगेत कुणीतरी जांभई दिली. टायपिस्टबाईंनी मागे वळून ऑपरेटरांकडे असे पाहिले, जसे त्या खोटी शपथ घेणाऱ्याकडे पाहत असतील. मग ऊन पडले, बाक आला, वाटाणे आले, आणि आता ते नुसते वाटाणे होते.

ऑपरेटरांनी धीर करून डावीकडे पाहिले. मास्तर पडद्याकडे पाहत नव्हते. ते भावाकडे पाहत होते. धाकटा रुमालात तोंड खुपसून हमसून हमसून रडत होता. त्याला ऊन पडल्याचेही कळले नव्हते. दिवे लागण्याआधीच दोघे उठून गेले.

पुढच्या रविवारी ऑपरेटरांनी दुकानामागच्या खोलीत उभे राहून सगळ्यांना खरे काय ते सांगितले आणि बसले. कुणी उठून पुरे करण्यासारखे त्यात काही नव्हते. चष्मेवाले हसायला गेले, पण टायपिस्टबाईंकडे पाहून थांबले. यादीतला पहिला क्रमांक सूनबाईंनी कोरा ठेवला. मास्तर आले नव्हते. त्याच्या पुढच्या रविवारीही आले नाहीत. ऑपरेटर रोज मास्तरांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जात आणि छत्री घेऊन परत येत. बायकोने एकदा विचारले, की ही छत्री तुम्ही पोचवणार आहात की फिरवून आणणार आहात.

तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, ते दाराबाहेरच्या बाकावर बसून बरणीतले मिसळलेले स्क्रू जमिनीवर ओतून वेगळे करत होते, लांब एकीकडे, आखूड एकीकडे. समोर सावली पडली. मास्तरांनी चपला काढल्या, शेजारी बसले आणि एक मूठ उचलून निवडायला लागले.

बराच वेळ नुसते स्क्रू वाजत होते. बोलल्याशिवाय हे कसे मिटणार, तेच ऑपरेटरांना कळेना.

“मास्तर, त्या दिवशी घंटा झाली तेव्हा मी—”

“नको,” मास्तर म्हणाले. त्यांनी एक स्क्रू डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. “धाकट्याने त्या रविवारी घरी जाऊन तोंड उघडलं ते अजून मिटलेलं नाही. इतकी वर्षं वाट बघत होता म्हणे, मी काहीतरी बोलेन म्हणून. अकरा वर्षांचं सगळं काढलंय. घरी रोज सहावं रीळ चालू आहे, ऑपरेटर. इथे तरी नको.”

ऑपरेटरांनी तोंड मिटले. ते मिटलेले ठेवणे सोपे नव्हते. त्यांनी दोनदा घसा खाकरला, एकदा उठून छत्री आणली आणि मास्तरांच्या बाजूला टेकवून ठेवली. मास्तरांनी तिच्याकडे पाहिले नाही.

“हा मधलाच आहे,” ते स्क्रू पुढे करून म्हणाले. “लांबही नाही, आखूडही नाही. कुठे टाकू?”