बोलायची बैठक

कारखान्यात अपघात झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंची बैठक ठरलेली. ताई म्हणजे कारखान्याच्या मानसतज्ज्ञ. ज्यांनी अपघात पाहिला त्यांनी खुर्च्या गोलात मांडून बसायचं, आणि काय दिसलं, काय ऐकलं, पोटात कसं झालं, ते एकेकानं सांगायचं. ही रीत ताईंनीच घातलेली. पुढं मॅनेजरांनी तिचा नियम करून टाकला. बैठकीला बसल्याशिवाय कोणाला त्याच्या नेहमीच्या कामावर परत घ्यायचं नाही. माणसं रडायची, डोळे पुसायची, जाताना ताईंचा हात हातात घ्यायची. ताई दारात उभ्या राहून प्रत्येकाला विचारायच्या, हलकं वाटलं का? सगळे हो म्हणायचे. देवानं माणसाला जीभ दिली ती याचसाठी, असं ताईंना मनापासून वाटायचं.

या खेपेला क्रेनवरून पोलादाचं भेंडोळं निसटलं. खाली पैलवान उभा होता. हा पैलवान इतका काटकुळा, की अंगातला शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा दिसे. नाव चेष्टेनं पडलं आणि चिकटलं. जीव वाचला, पण उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. वर केबिनमध्ये बसून क्रेन चालवत होता त्याचाच जोडीदार घारोबा. सदा उंचावर, म्हणून घारोबा. दोघं एकत्रच कामाला लागलेले. जेवणाच्या सुट्टीत एकमेकांची खोडी काढल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. साखळीची कडी तुटली होती, घारोबाची चूक नव्हती, हे पहिल्याच तपासणीत कळलं. घारोबाच्या मनाला मात्र त्यानं दिलासा मिळाला नाही.

बैठकीला तो आला नाही. दुपारी ताईंच्या खोलीत येऊन उभा राहिला आणि म्हणाला, क्रेनवर परत जाऊ द्या, पण बैठक नको. ताईंनी गोडीगोडीनं समजावलं, मन मोकळं केलं की ओझं उतरतं वगैरे. त्यानं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

"ताई, ते माझ्यापाशीच राहू द्या," तो म्हणाला. "चारचौघांत मांडायला लावू नका."

मॅनेजरांचं म्हणणं, एकाला सोडलं तर उद्या सगळेच नको म्हणतील. मग घारोबाला गोदामात खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला बसवलं. परक्याच्या घरी अवेळी आलेल्या पाहुण्यासारखा तो तिथं अंग चोरून बसायचा. क्रेन गेली तर या माणसाचं काय उरणार, हे ताईंना दिसत होतं. आणि तो नको का म्हणतो, यापेक्षा आपण हो का म्हणतो, हा प्रश्न त्यांना टोचू लागला.

अशा बैठकांवर झालेले अभ्यास त्यांच्या कपाटात कधीचे पडून होते. वाचू वाचू म्हणत राहिलं होतं. खरं तर गरजच वाटली नव्हती; डोळ्यांदेखत माणसं हलकी होताना दिसत होती ना! आता मात्र दार लावून त्या वाचायला बसल्या. संकटातून गेलेल्यांपैकी काहींना, चिठ्ठ्या टाकून निवडून, लगेच बोलतं केलेलं, बाकीच्यांना नाही. पुढं कित्येक महिन्यांनी पाहिलं, तर बोललेल्यांचं काही जास्त भलं झालेलं नव्हतं. एकदोन ठिकाणी तर तेच मागं पडले होते.

आणि आपण? आपण विचारलं ते दारातच, बैठक संपल्यासंपल्या. पुढं कधी कोणाला विचारलंय?

त्या उठल्या आणि पॅकिंगमधल्या मावशींकडे गेल्या. काही वर्षांपूर्वी बॉयलर फुटला तेव्हा मावशी बैठकीला होत्या. आधी त्यांनी विषय टाळला, मग राग धरणार नाही असं ताईंकडून कबूल करून घेतलं.

"अहो ताई, मी लांब होते. मला नुसता धूर दिसलेला. बैठकीत बाकीच्यांनी सांगितलं, आणि त्यांनी पाहिलेलं सगळं माझ्या डोळ्यांत येऊन बसलं. अजून उठत नाही."

"मग हलकं वाटलं म्हणालात ते?"

"तुम्ही इतक्या मायेनं विचारत होतात. नाही कसं म्हणायचं?"

एका मावशींच्या सांगण्यावरून काही सिद्ध होत नाही, एवढं शास्त्र ताईंना कळत होतं. पण आता मावशी आणि ते सगळे अभ्यास एका बाजूला होते, आणि दुसऱ्या बाजूला एकटी त्यांची माया. तिला खोटी कोण म्हणेल? पण औषध म्हणून ती लागू पडत नव्हती. ताईंना रडू आलं; त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही.

सक्तीची बैठक बंद करा, असं त्यांनी सांगितलं तेव्हा मॅनेजरांना आधी थट्टाच वाटली.

"अहो, तुमचंच लेकरू ते."

"म्हणून तर माझ्याच हातानं."

मग आपण काहीच करायचं नाही का, असं मॅनेजरांनी विचारलं. ताई म्हणाल्या, करायचं पुष्कळ आहे. माणसाला घरी पोचवायला सोबत द्यायची. झोप उडेल, दचकायला होईल, बहुतेकांचं हळूहळू ओसरतं, हे सांगून ठेवायचं. ज्याला बोलावंसं वाटेल त्याला माझं दार उघडं. आणि महिन्यानं प्रत्येकाला भेटायचं. जो अजून अडकलेला दिसेल, त्याच्यावर नीट उपचार.

"आणि याचा तरी उपयोग होतो, हे कसं कळणार?"

"विचारू. पण विचारायला दुसऱ्या कोणाला तरी पाठवा. मला कोणी नाही म्हणत नाही."

सक्तीचा नियम उठला. घारोबानं आधी शिकवणाऱ्या उस्तादाला शेजारी बसवून रिकामी क्रेन चालवली. हात ठीक होता, म्हणून काम परत मिळालं. त्यानंतर तो ताईंकडे आला आणि अडखळत म्हणाला, पैलवानाला भेटायला अजून गेलो नाही, बरोबर याल का?

दवाखान्यात खाटेपाशी तो संत्र्यांची पिशवी धरून नुसता उभा राहिला. पैलवान म्हणाला, उभा काय राहिलास, खाली घसरलोय, वर ओढ मला. घारोबानं त्याच्या काखेत हात घातले आणि श्वास रोखून त्याला इंच इंच वर घेऊ लागला.

"उरक की रे. पोलाद नाहीये मी."

दोघंही थिजले. मग पैलवान आधी हसला. घारोबाचे खांदे गदगदू लागले. हसतोय की रडतोय ते कळेना, आणि पैलवानानंही विचारलं नाही.

ताईंच्या जिभेवर ढीगभर प्रश्न आले होते. त्यांनी पिशवीतलं संत्रं काढलं, सोललं, बिया काढून फोडी ताटलीत ठेवल्या.

पैलवानानं एक फोड उचलून घारोबापुढे धरली. "तोंडाला कुलूप लावून आलायस. निदान खायला तरी उघड."

घारोबानं तोंड उघडलं.