सहा ते सहा पंचवीस

"साहेब, खुर्चीत बसलो. आता काय करू?"

"बसायचं नाहीये. टेबलाखाली वाका. काळा डबा दिसतोय?"

"दिसतोय. धूळ पण दिसतेय."

"धूळ राहू द्या. डब्याच्या पुढच्या बाजूला, वर, एक गोल बटण आहे. ते एकदा दाबा. दाबून धरू नका."

फोनमधून तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या टेलरच्या उठण्याबसण्याचा, कण्हण्याचा आवाज आला आणि मागोमाग एक बारीक घरघर सुरू झाली. पंपसाहेबांनी डोळे मिटून घेतले. रेल्वेत एक रात्र आणि एक दिवस काढल्यावर जिथे पोचता येते, त्या दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरात, आपल्या टेबलाखाली, आपल्या संगणकाचा पंखा फिरू लागला होता.

"झाला चालू. पण साहेब, हा बंद कुणी केला? किल्ली तर माझ्याकडे आहे."

"मीच केला."

"तुम्ही? तिथून?"

"हो."

"मग तिथूनच चालू करायचा की! मला कशाला दोन जिने चढायला लावले?"

"तिथून बंद करता येतो, चालू करता येत नाही. बंद यंत्रापर्यंत निरोप पोचत नाही."

"म्हणजे आमच्या मेव्हण्यासारखाच आहे म्हणा की. एकदा आडवा झाला की कुणाच्या बापाचं ऐकत नाही."

चूक पंपसाहेबांची होती आणि ती त्यांना भलतीच लागली होती. घर सोडण्याआधी आठ दिवस खपून त्यांनी ही व्यवस्था उभी केली होती. दूरवरून जोडणी करून देणारा प्रोग्रॅम दोन्हीकडे बसवला. त्याने दिलेला नऊ आकडी क्रमांक आणि स्वतः ठरवलेला संकेतशब्द वहीत उतरवला. संगणकाने मध्येच झोपी जाऊ नये, वीज जाऊन आली तर आपोआप सुरू व्हावे, या गोष्टी एकेक करून लावल्या आणि प्रत्येक दोनदा तपासली. इतके सगळे करून, लेकीच्या घरून पहिल्यांदा जोडणी जमल्यावर, काम संपताच त्यांचा हात आपसूक 'बंद करा'वर गेला. जलशुद्धीकरण केंद्राच्या पंपघरात छत्तीस वर्षे पाळी केलेला माणूस. काम संपल्यावर यंत्र चालू ठेवून उठणे त्या हाताला ठाऊकच नव्हते.

लेकीला त्यांनी कारण सांगितले होते ते जुन्या नकाशांचे आणि नोंदींचे. ती म्हणाली होती, "बाबा, सगळं एका पेनड्राइव्हमध्ये घालून आणा ना. संगणक चालू ठेवून कशाला यायचं?"

"सगळं त्यात मावत नाही," ते म्हणाले होते.

ते खोटे नव्हते. संगणकाच्या शेजारी, लेकीशी बोलण्यासाठी घेतलेला एक जुना मायक्रोफोन होता. त्याचा आवाज जोडणीतून इकडे यावा अशी सोय पंपसाहेबांनी करून ठेवली होती. तिथल्या स्पीकरचा खटका मात्र बंद केला होता, नाही तर घराचा आवाज घरालाच ऐकू जाऊन शिट्टी वाजत राहिली असती. लेकीच्या नवव्या मजल्यावरच्या घरात खिडक्या लावल्या की बाहेरचे जग मुके होई. पंपसाहेब सकाळी पावणेसहाला उठत, लेकीने दिलेला लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडत, नऊ आकडे भरत आणि कानांत इअरफोन घालून बसत.

बायको चहाचा कप समोर ठेवी. "काय म्हणतंय तुमचं घर?"

"घड्याळ चालू आहे. मोरी गळतेय थोडी."

"ती मी होते तेव्हापासून गळतेय. मी सांगत होते तेव्हा ऐकू येत नव्हतं वाटतं? आता बरं ऐकू येतं, हजार कोसांवरून!"

बायको इथे रुळली होती. दोन मजल्यांच्या जिन्याने तिचे गुडघे खाल्ले होते, त्यांच्यासाठीच हा सारा खटाटोप होता. इथे लिफ्ट होती, खाली बाग होती, बागेत तिच्यासारख्याच चार जणी होत्या. तिचे चालणे सुधारले होते. पंपसाहेबांना त्याचे समाधान होते. तरी ते समाधान पहाटे त्यांना अंथरुणात धरून ठेवायला पुरत नसे.

ते ऐकत असत ते मुख्यतः एकाच गोष्टीसाठी. त्या इमारतीत आठ बिऱ्हाडे. खालच्या टाकीतले पाणी गच्चीवर चढवणारा पंप सव्वीस वर्षे त्यांनी चालवला होता. नोकरी केंद्राची आणि सेवा इमारतीची; म्हणूनच सगळे त्यांना पंपसाहेब म्हणत. सहाला सुरू, सहा पंचवीसला बंद. पंचवीस मिनिटांत टाकी काठोकाठ भरे, थेंबही सांडत नसे. निघताना किल्ली टेलरला दिली आणि पंपखोलीच्या भिंतीवर ठळक अक्षरांत कागद चिकटवला. पाणी वर नेणारी नळी त्यांच्या टेबलामागच्या भिंतीतूनच गेली होती. पंप सुरू झाला की भिंत गुणगुणू लागे आणि ते गुणगुणणे मायक्रोफोन इमानेइतबारे इकडे पोचवी.

दुसऱ्याच आठवड्यात भिंत सहाला गुणगुणू लागली ती पावणेसात झाले तरी थांबेना. मग खिडकीवरच्या पत्र्यावर तडतड सुरू झाली. पंपसाहेबांनी फोन उचलला.

"टेलर, टाकी वाहतेय. माझ्या खिडकीच्या पत्र्यावर पाणी पडतंय."

"अरे देवा!" टेलर फोनमध्येच ओरडला. पायांचा धडधडाट झाला आणि मिनिटभराने भिंत शांत झाली. "साहेब, डोळा लागला हो. पण तुम्हाला कसं कळलं?"

"ऐकू आलं."

त्यानंतर टेलरने बंद करण्याची जबाबदारी सरळ त्यांच्यावर टाकून दिली. पंप सुरू करून तो कपडे बेतायला बसे. सहा पंचवीसला पंपसाहेबांचा फोन वाजला की खटका ओढे. कधी न उचलताच ओढे. पंपसाहेब वरवर कुरकुरत, पण सहा वाजून वीस मिनिटांनी फोन हातात घेताना त्यांची पाठ ताठ होई. बायकोच्या नजरेतून ते सुटले नव्हते.

अडीच महिने असे गेले. मग एके दिवशी लेक कागद घेऊन समोर बसली.

"बाबा, तळमजल्यावर नव्या भाडेकरू नर्सताई आल्यात ना, त्या आपलं घर विकत घ्यायला तयार आहेत. आपल्याला हवं तसंच माणूस आहे. महिनाअखेरपर्यंत होकार कळवायचाय, नाही तर त्या दुसरीकडे बघतील. हे संमतीपत्र. फक्त सही करा."

"वाचतो."

"एकच पान आहे, बाबा."

"एक पान नीट वाचायला वेळ लागतो."

संमतीपत्र वर्तमानपत्राखाली गेले आणि अकरा दिवस तिथेच राहिले. लेक विचारी, ते म्हणत, "बघतो." तिला राग येई, तो ती भांड्यांवर काढी. बायको मात्र रोज टेबल पुसताना तो कागद उचलून पुन्हा तिथेच ठेवी आणि ते पंपसाहेबांना जास्त टोचे. घराचे आपल्याला काय हवे आहे, हे त्यांना सांगता आले नसते. वर चढणे तिला आता शक्य नाही, तिच्याशिवाय आपण तिथे राहणार नाही, हे दोन्ही त्यांना स्पष्ट दिसत होते. हिशेब चुकत नव्हता. उत्तर तेवढे लिहवत नव्हते.

महिना संपायला दोन दिवस होते त्या सकाळी सहाला भिंत गुणगुणली. सहा वीसला त्यांनी फोन हातात घेतला. सहा पंचवीसला ते टेलरचा क्रमांक दाबणार, तेवढ्यात गुणगुणणे थांबले. अगदी ठोक्याला. पंपसाहेब फोनकडे पाहत राहिले. तो हातात असून त्याचे काही काम उरले नव्हते.

आणि मग इअरफोनमध्ये कुलूप वाजले. दार उघडले. आपल्या घरात पावले आली.

"अहो, कोण आलंय?" त्यांचा चेहरा पाहून बायकोने विचारले. त्यांनी एक इअरफोन काढून तिच्या हातात दिला. दोघे खुर्च्या जोडून बसले.

"या, बघून घ्या सावकाश," टेलरचा आवाज. "सकाळचा उजेड इथे छान येतो."

"मला दुपारी झोपायला अंधार लागतो," बाईचा आवाज. थकलेला, पण हसरा. "रात्रपाळी करून आले आत्ता. पंपाचा आवाज ऐकला, घड्याळ बघितलं आणि पंचवीसला बंद करूनच वर आले. तुम्ही तर कापडात डोकं घालून बसला होतात."

"अहो, मला साहेबांचा फोन येतो ना!"

"फोन कशाला? भिंतीवर लिहिलंय की. एवढ्या चांगल्या अक्षरात कुणी लिहिलंय म्हणजे कारणाशिवाय लिहिलं नसणार."

पावले फिरली. मोरीपाशी थांबली, टेबलापाशी आली. मग दारापाशी.

"हे काय? दाराच्या आतल्या बाजूला पण चिठ्ठी? 'गॅस. नळ. खिडकी. कुलूप ओढून पाहणे.'" ती वाचून हसली नाही. "आमच्या वॉर्डात अशीच यादी असते. ही काढू नका हं. राहू दे."

"राहू दे म्हणता? बरं."

"इथे हेच साहेब राहायचे ना?"

"राहायचे काय, अजून राहतात. फक्त इथे नसतात."

बायकोने इअरफोन काढून टेबलावर ठेवला, पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, "लोकांचं बोलणं असं चोरून ऐकू नये."

"नाही ऐकू," पंपसाहेब म्हणाले आणि त्यांनी जोडणी तोडली.

त्यांनी वर्तमानपत्र बाजूला केले. संमतीपत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचले. तारखेत एक आकडा चुकला होता तो दुरुस्त केला, शेजारी छोटी सही केली आणि मग खाली मोठी.

लेक कामावर निघताना कागद पाहून थबकली. "बाबा..."

"त्या बाईंना सांग, मोरीचा नळ बदलून घ्या. वायसर बदलून भागणार नाही."

संगणक सोमवारी टेलर खाली नेणार होता. त्याच्याकडेच राहणार होता. रविवारी पंपसाहेब नेहमीच्या वेळेला उठले. नकाशे आणि नोंदी उतरवून झाल्या होत्या आणि त्या सगळ्या, लेक म्हणाली होती तशा, एका पेनड्राइव्हमध्ये सहज मावल्या होत्या. त्यांनी नऊ आकडे भरले. घड्याळाची टिकटिक आली. मोरी गळत होती.

सहाला भिंत गुणगुणू लागली. बायको चहा घेऊन आली आणि जाण्याऐवजी शेजारी बसली. पंचवीस मिनिटे दोघांनी एकेक इअरफोन लावून ऐकले. मग गुणगुणणे थांबले. फोन आतल्या खोलीत होता, तो त्यांनी आणलाच नव्हता.

त्यांनी पडद्यावरचा बाण कोपऱ्यात नेला. यादी उघडली. या वेळी हात आपसूक गेला नाही; दोन-तीन क्षण यादीवर थांबला आणि मग त्याने 'बंद करा' दाबले. टिकटिक तुटली. वही उघडून त्यांनी पंपघरातल्यासारखी नोंद केली: सहा वाजून अठ्ठावीस मिनिटे. यंत्र बंद. शेरा: काही नाही.

ज्या दिवशी घर सोडले, त्या दिवशी टॅक्सी खाली उभी होती. बायकोने जिन्याच्या अर्ध्यात नेहमीचे विचारले होते आणि ते वर परत जाऊन कुलूप ओढून आले होते. लग्नापासून ती एवढेच विचारत आली होती. आता तिने कप उचलला आणि लॅपटॉपकडे पाहत तेच विचारले.

"ओढून पाहिलंत?"

पंपसाहेबांनी पुन्हा नऊ आकडे भरले. एकेक, सावकाश. संकेतशब्द दिला. पडद्यावर थोडा वेळ एक वर्तुळ फिरले आणि अक्षरे उमटली: समोरचा संगणक उपलब्ध नाही.

"पाहिलं," ते म्हणाले आणि सवयीप्रमाणे आणखी एकदा ओढून पाहिले.