डोळ्यातल्या पाण्याइतकं

"पाय मागं घे, सुभे! पान्याला अंगठा जरी लावलास तरी पाटलाला हाळी देईन!"

ओढ्याच्या पलीकडून छबूबाई ओरडली आणि सुभद्रेनं उचललेला पाय तसाच मागं घेतला. भाद्रपदातला ओढा, गुडघाभर पाणी, रुंदी असेल आठ-दहा पावलं. लहानपणी याच ओढ्यात तिनं म्हशी धुतल्या होत्या. पलीकडं पिंपळओहोळ, तिचं माहेर. आई-आबांच्या घराची कौलं इथून दिसत होती. पण गावात पटकी, कॉलऱ्याची साथ, शिरली होती आणि देवऋषीच्या सांगण्यावरून गावानं शीव बांधली होती. मरीआईचा गाडा शिवेबाहेर जाईस्तोवर आतलं माणूस बाहेर नाही, बाहेरचं आत नाही. सुया टोचायला आलेले डॉक्टरही जाताना तेच बजावून गेले होते. एरवी देवऋषी आणि डॉक्टर यांचं कधी जमलं नव्हतं. सुभद्रेला अडवायच्या कामी मात्र दोघांचं एकमत झालं.

"मावशी, आईबाप हायती माझं तिकडं!"

"मग मी काय त्यांची वैरीन हाय? भितीला भीत लागून घर माझं. चार दिस झालं, भैरूभावजी आन् तानाक्का, दोघांचं मीच बघती. तुझा बा टमरेल घिऊन पळायला लागला की दार धरायला मीच. काय बोलायचं ते तिथूनच बोल."

सुभद्रा काळेवाडीला खोली घेऊन राहायची. नवरा ज्योतीराम पिंपरीच्या एका कंपनीत फिटर. ही साथ देशोदेशी हिंडतेय, असं तो पेपर वाचून सांगायचा, तेव्हा सुभद्रेला वाटायचं, हिंडू दे, जग मोठं आहे. मग चाकणकडून येणाऱ्या दूधवाल्यानं निरोप आणला, की दोघंही अंथरुणाला खिळलीत. तशी ती देवापुढचा दिवा लावून उठली, पिंपरीच्या दवाखान्यात गेली आणि तिथल्या नर्सबाईला गाठून औषध विचारून आली. ज्योतीरामानं शिफ्ट बदलून घेतली.

"आईला जुलाब किती झालं?" तिनं ओरडून विचारलं. ओढा खळखळत होता. हळू बोलून भागत नव्हतं.

"मोजल्यात कुनी!" छबूबाई म्हणाली.

"सात!" पलीकडच्या बाजरीतल्या माळ्यावरून आवाज आला. पाखरं राखायला सयाजी बसला होता; तिथून आबांचं परसदार दिसायचं. "सकाळधरनं सात! तुझ्या बाचं कालपासनं थांबल्यात!"

सुभद्रेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्योतीराम खाली मान घालून हसला. पण आकडा कळला ते बरंच झालं.

ज्योतीरामानं बरोबर एक कप्पी आणि पाटी आणली होती. गावातल्या विहिरीवर इंजिन बसल्यापासून मोटेचा नाडा, जाडजूड दोर, नुसता पडून होता. तो छबूबाईनं पलीकडच्या बाभळीला बांधला आणि धोंडा गुंडाळून दुसरं टोक इकडं भिरकावलं. ज्योतीरामानं तो ताणून बांधला, त्यावर कप्पी अडकवली, कप्पीला पाटी आणि पाटीला दोन्हीकडून सुतळ्या. साखर, मीठ, लिंबं घेऊन पाटी डुलत पलीकडं निघाली.

"मावशी, ध्यान दिऊन ऐक. उकळून गार केलेलं तांब्याभर पानी. त्यात मूठभर साखर, तीन बोटांच्या चिमटीत माईल एवढं मीठ. घोट घोट पाजायचं. पाजून झालं की पुन्हा करायचं. आन् पाजायच्या आधी चव बघायची. डोळ्यातल्या पान्याइतकंच खारट पायजे. जास्ती न्हाई!"

"डोळ्यातल्या पान्याइतकं," छबूबाईनं घोकलं आणि पाटी घेऊन गेली.

अर्धा तास झाला. पाऊण झाला. सुभद्रा दगडावर बसून नाम घेत राहिली. शेवटी छबूबाई ओढ्याच्या काठी आली, धापा टाकत.

"काय झालं, मावशी?"

"काय व्हायचं! भैरूभावजी रडाया बसल्यात!"

सुभद्रेच्या हातातली माळ खाली पडली.

"दोगंबी ऐकना झाल्यात," छबूबाई बोलतच होती. "तानाक्का निजल्या जागी डोळं मिटून गप. ह्यो बाबा तिच्या उशाला बसून हुंदकं काढतुया..."

"आईऽऽ!" सुभद्रेनं हंबरडा फोडला आणि सरळ पाण्यात धावली. ज्योतीरामानं तिला कमरेला धरून मागं ओढलं. माळ्यावरचा सयाजी टोपी काढून उभा राहिला.

छबूबाई चक्रावली. "आगं, गळा का काढतीस? रडू ईना झालंय त्याला! नुसतं हुंदकंच निघत्यात, पानी कुठाय? आन् डोळ्यातल्या पान्याची चव घेतल्याबिगर तांब्यातल्या पान्याची कशी ठरवायची? तूच म्हनलीस न्हवं?"

सुभद्रा परत दगडावर टेकली. हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं.

"मग मी कांदा चिरून नाकाशी धरला," छबूबाई म्हणाली, "तवा कुटं दोन थेंब निगालं. म्हनतो कसा, लगनात तुजी पाठवनी झाली तवाबी मला रडू न्हवतं आलं. दगडाचं काळीज म्हनायचं. पर चव जमली."

"मग आईनं घेतलं का?"

"तेच तर! तिला मीठ नको. अळणी धरलंय तिनं. गाव मोकळं होईस्तोवर मीठ जिभेला लावनार न्हाई, असं मरीआईफुडं बोलून बसलीया. नुसतं साखरपानी दे म्हनती."

"नुसत्या साखरंनं भागायचं न्हाई, मावशी! नर्सबाईनं ठासून सांगितलंय."

"मी काय करू? दात आवळून पडलीया. हात गार पडल्यात, सुभे. डोळं आत गेल्यात." पहिल्यांदाच छबूबाईचा आवाज खाली आला. ओढ्याच्या खळखळाटातही सुभद्रेला तो ऐकू आला.

आईचं व्रत सुभद्रेला नवं नव्हतं. तिला स्वतःला सोमवार, शुक्रवार, चतुर्थी शिकवली ती याच आईनं. तापातसुद्धा आईनं कधी व्रत सोडलं नव्हतं. समजावून काही होणार नव्हतं. पण सरपणाची मोळी जड झाली की वाटेत एकीच्या डोक्यावरून दुसरीच्या डोक्यावर देतातच की. खाली टाकत नाहीत.

ती उठली. काळेवाडीहून आणलेल्या बाटलीतलं पाणी तिनं ओंजळीत घेतलं, गावाकडं तोंड केलं, आणि एरवी कधी वरच्या पट्टीत न बोलणारी ती बाई साऱ्या शिवाराला ऐकू जाईल असं बोलली, "आई मरीआई, माझ्या आईचं अळणी आजपासनं माझ्या अंगावर! गाव मोकळं होईस्तोवर मी मीठ खानार न्हाई. आईला मोकळी कर!" आणि तिनं उदक सोडलं.

"सयाजी, तू साक्षी!"

"ऐकलं, ऐकलं!" माळ्यावरून उत्तर आलं.

छबूबाई घराकडं पळाली. परत आली ती प्रश्न घेऊन. "तानाक्का इचारती, आंघुळ करून बोललीस का पारुशी?"

"आंघुळ करून!"

छबूबाई पुन्हा गेली, पुन्हा आली. "ती म्हनती, जावायाला अळणी घालशील तर मी पानी घेनार न्हाई!"

"न्हाई घालनार! त्यास्नी निराळं शिजवीन!"

"माझ्या टाचा झिजल्या गं बाई," म्हणत छबूबाई गेली. यावेळी बराच वेळ आली नाही. आली ती रिकामा तांब्या उलटा धरून नाचवत. "प्याली! थू थू करत प्याली, पर प्याली!"

पुढं अठरा दिवस ज्योतीराम शिफ्ट सांभाळून एक दिवसाआड ओढ्यावर जाई. पाटी जाई, निरोप येई; तांब्यात मीठ आता आबाच घालतात, असं छबूबाई सांगे. सयाजीचा आकडा दर खेपेला उतरत गेला आणि एके दिवशी त्यानं माळ्यावरून नुसतेच दोन्ही हात जोडले.

मंगळवारी मरीआईचा गाडा निघाला, शीव सुटली. बुधवारी सुभद्रा नवऱ्याला घेऊन गुडघाभर पाण्यातून चालत माहेरी गेली. चुलीपुढं आई बसली होती. निम्मी झाली होती, पण पिठल्याला फोडणी स्वतःच्याच हातानं देत होती.

"ये. व्रत सोड," ती म्हणाली. "आज मीठ घातलंय. मीबी आजच सोडती."

"तू?" सुभद्रा बघतच राहिली. "तुझं तर मी घेतलं हुतं!"

"तांब्यातलं तू घेतलंस. भाकरीतलं मी ठिवलं हुतं," तानुबाई शांतपणे म्हणाली. "ते कुनाला देन्यातलं न्हवतं. ही साथ ओढा ओलांडून काळेवाडीला जाऊ ने, तुझ्या उंबऱ्याला शिवू ने, म्हनून बोलली हुती. तुझ्यासाठीचं तुलाच कसं दिऊ?"

सुभद्रेनं पिठलं-भाकरी वाढली. ज्योतीरामानं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"काय झालं, जावायबापू? खारट झालं?"

"न्हाई, आत्याबाई. अठरा दिसांनी मीठ लागलं जिभंला."

तानुबाईनं लेकीकडं रोखून पाहिलं.

"निराळं शिजवायला दुसरा स्टोव्ह कुटाय खोलीत," सुभद्रा पुटपुटली, आणि मग तिला आवरेना. डोळ्यांतून घळघळ पाणी वाहायला लागलं.

भिंतीला टेकून बसलेले आबा काठी टेकत पुढं सरकले. बोटानं लेकीच्या गालावरचा एक थेंब टिपला, जिभेला लावला, आणि जाणत्या माणसासारखी मान हलवली.

"बराबर," ते म्हणाले. "मी एवढंच घालत हुतो."