सोमवारची ऊब

मित्रांनो, उदगीरच्या पलीकडे, सीमेजवळच्या एका शेताच्या कडेला चार पायांवर उभी असलेली मी एक जुनी लाकडी पेटी आहे. माझा रंग पांढरा, आणि चारही अंगांना तिरप्या पट्ट्या. माझ्यातून वारा वाहतो. ऊन मात्र आत येऊ शकत नाही. हवेचे खरे तापमान सांगणाऱ्या पाऱ्याच्या नळ्या सांभाळणे, हेच माझे जीवितकार्य होते.

मलप्पा सुतारांनी मला सागवानातून घडविले. त्यांचे हात खडबडीत होते. पण पट्टी बसविताना ते लहान बाळाला न्हाऊ घालावे तसे हळुवार होत. "मलप्पा, कोंबड्याचं खुराडं करून राहिलास का?" असे कुणी विचारले, की ते मान वर न करता म्हणत, "न्हाई. स्वप्नालीबाईला वारा ठेवायचाय."

स्वप्नाली तेव्हा कृषिविद्येची संशोधक विद्यार्थिनी होती. हरभरा फुलावर असताना हवा तापली तर फूल गळते. आणि आपली हवा वर्षानुवर्षे बदलते आहे, हे तिला अभ्यासायचे होते. शिवमूर्ती नावाच्या शेतकऱ्यांनी तिला जागा दिली, आणि तिने मला तेथे उत्तरेकडे दार करून उभे केले. ती त्या वर्षी गावातच राहिली. रोज सकाळी येई. माझ्याभोवतीच्या हिरवळीला काळ्या मातीचा चिखल लागू नये म्हणून चपला कुंपणाबाहेर काढी. दार उघडून मान लववी आणि निःशब्दपणे पारा वाची. शेजारच्या शेतातून वृद्ध जगदेवीअव्वा हे नित्य पाहत असत.

पुढे स्वप्नाली लातूरला शास्त्रज्ञ म्हणून रुजू झाली. पारा वाचण्याचे काम शिवमूर्तींनी आपणहून पत्करले. दिसलेला आकडा ते रोज सकाळी फोनवरून तिला कळवीत. थंडी असो वा धुके, त्यांचा नेम कधी चुकला नाही.

आणखी एक नेम सुरू झाला होता, तो मात्र लातूरला ठाऊक नव्हता. दर सोमवारी तिन्हीसांजेला जगदेवीअव्वा येत, माझे दार उघडत, माझ्या लाकडावर विभूतीची तीन बोटे ओढत आणि आत तेलाचा दिवा ठेवीत. पांढऱ्यावर पांढरे, म्हणून त्या खुणा कुणाच्या नजरेस पडल्या नाहीत. उघड्या रानात वाऱ्याने वात टिकत नसे. माझ्या आत ती निवांत तेवे. त्या उबेने मी संकोचत असे, आणि सुखावतही असे. दिवसाचा उच्चांक धरून ठेवणारा पारा मात्र त्या ज्योतीने वर चढे आणि तेथेच थांबे. मंगळवारी सकाळी शिवमूर्ती तोच आकडा प्रामाणिकपणे कळवीत.

एका हिवाळ्यात स्वप्नाली अचानक आली. तिचा चेहरा ओढलेला होता.

"काका, या गावात दर सोमवारी हवा तापते. हवेला वार कळतो का?"

"मला काय ठाऊक, बाई? दिसलं ते सांगितलं."

"की मंगळवारी उठायचा कंटाळा येतो, आणि आकडा मनानं सांगता?"

शिवमूर्ती म्हणाले, "तुमचा फोन आधी, माझा चहा मागून. बायको हसती मला. आता तुमच्याकडून हे ऐकायचं राहिलं होतं."

"मला सगळेच आकडे टाकून द्यावे लागतील," ती खाली पाहत म्हणाली. "पेटीही उचलावी लागेल."

मित्रांनो, त्या क्षणी मला वाणी हवी होती. एका सज्जनाचे नाव आणि एका मुलीचे आयुष्यभराचे काम माझ्यासमोर बुडत होते. सत्य माझ्या पोटात होते, आणि मी काष्ठ होते.

स्वप्नालीने नळ्या काढण्यासाठी माझे दार उघडले. दिवस कलला होता, आणि वार सोमवारच होता. पदराआड दिवा धरून जगदेवीअव्वा आल्या.

"सरक गं माय, वात इझंल."

त्यांनी दिवा आत ठेवला. स्वप्नाली पाहत राहिली. पारा हळूहळू वर सरकू लागला.

"अव्वा, हे कधीपासून?"

"तू लातूरला गेलीस तवापासून. एवढी शिकलेली लेक चपला काढून रोज वाकती, म्हंजी आत कुणीतरी हाय. तू गेल्यावर त्याला बघायचं कुणी?"

स्वप्नाली शिवमूर्तींकडे वळली. "काका, तुम्हाला हे माहीत होतं?"

"हाव, होतं की. त्यानं पारा चढतो हे ठाऊक न्हवतं, आन् तुम्ही पारा सांगा म्हणला होतात. दिवा सांगा असं कुठं म्हणला?"

तिला हसू फुटले, आणि हसता हसता डोळे भरून आले. तिने वाकून शिवमूर्तींच्या पायांना हात लावला. "चुकलं माझं, काका."

"राहू द्या. उद्या फोन करू का नको, तेवढं सांगा."

"करा. चहाच्या आधी."

अव्वांचा स्वर मात्र उतरला होता. "मग माझा देव खोटा म्हणायचा?"

"नाही, अव्वा. त्याला फक्त ऊब सोसत नाही."

दूरच्या लिंबाखाली स्वप्नालीने दगडांचा एक कोनाडा रचला. अव्वांचा दिवा तेथे तेवू लागला. आपल्या शोधनिबंधात तिने सोमवारचे आकडे वगळले आणि त्याचे कारणही निःसंकोच लिहिले. सोमवार वगळूनही हवा तापतच होती, हे दुःख खरे ठरले. त्या सत्याच्या आधारे तिने हरभऱ्याची पेरणी अलीकडे आणण्याचा सल्ला दिला, आणि गावाने तो शिवमूर्तींच्या शब्दावर मानला.

आता माझ्या शेजारी आपोआप नोंद करणारे यंत्र उभे आहे. माझ्या नळ्या काढून नेल्या. रंगाचे पापुद्रे सुटले. अव्वाही राहिल्या नाहीत. परवा कुणी कोंबड्यांसाठी मला मागितले, तेव्हा शिवमूर्ती एवढेच म्हणाले, "ती रिकामी न्हाई."

मित्रांनो, जुन्या साधनांना अडगळ समजू नका. आणि एखादा आकडा खोटा वाटला, तर त्या माणसावर रागावण्याआधी तो आकडा जिथे जन्मला, तिथे एक संध्याकाळ उभे राहून पाहा.

गेल्या सोमवारी स्वप्नाली आली. तिचे केस पिकले आहेत. तिने चपला कुंपणाबाहेर काढल्या, माझ्या उडालेल्या रंगावर विभूतीची तीन बोटे ओढली, आणि पदराआडचा दिवा माझ्या आत ठेवला.

"आता चालतं, अव्वा," ती हलकेच म्हणाली, आणि वाऱ्याकडे पाठ करून वात विझेपर्यंत माझ्यापाशी उभी राहिली.