पुढची वीस नावं

…तळहातावरच्या काचेत, अगदी तळाशी, ते करडं इवलं चाक फिरतं – थांबतं – आणि त्याच्या जागी पुढची वीस नावं येऊन बसतात, जणू कधीपासून तिथंच होती. अंगठा वर, पुन्हा चाक, पुन्हा वीस… दोन महिने कामिनीला अ‍ॅपसाठी तिनंच लिहिलेल्या या चाकाचं वेड लागलं होतं. तळच नसलेली यादी! जळगावच्या ऑफिसात तिनं पाचशे खोटी नावं भरून – शेतकरी एक, शेतकरी दोन – ती पळवून पाहिली होती. कुठं अडकली नाही. त्या संध्याकाळी ती एकटीच हसत घरी गेली होती.

आज मात्र भडगावात, चुलतभावाच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला, मांडवाच्या खांबाला टेकून ती त्याच यादीत एक खरं नाव शोधत होती.

लोटन नाना सापडत नव्हते.

नाना म्हणजे वडिलांचे काका. तिनंच त्यांचा केळीचा बाग अ‍ॅपवर चढवला होता – कापणीला आलेले बाग व्यापाऱ्यांनी फोनवर बघावेत, सौदा ठरला की ते नाव यादीतून निघून जावं, इतका सरळ मामला. आणि परवा नानांचा फोन… “पोरी, बठ्ठासना बाग दिसतस, मनाच दिसस नही.” सगळ्यांचे दिसतात, त्यांचाच नाही, आणि त्यावर मी काय म्हणाले? नाना, फोन जुना झालाय तुमचा. असं म्हणाले मी. घड भरले होते. अजून चार दिवस गेले तर झाडावरच पिकायला लागणार, आणि पिकलेली केळी लांबची गाडी घेत नाही. चार दिवसांतले दोन माझ्या त्या वाक्यात गेले.

“व माय, मोबाईल ठेव ना आते!” लताकाकूनं तिच्या हातात वांग्याच्या भाजीची बादली दिली. “पंगत बसनी.”

बट्ट्यांवर तूप ओतलं जात होतं, वरणाचा वास मांडवभर, समोरच्या रांगेत नाना पांढऱ्या टोपीत मांडी ठोकून बसलेले – रागावलेले नाहीत, हेच अवघड. ती वाढू लागली. एक, दोन, तीन… मोजायची सवय. यंत्राशी बोलून बोलून लागलेली. बारा ताटं झाली आणि बादलीचा तळ लागला. बारा, ती मनात म्हणाली, आणि आत पळाली.

तेवढ्यात सहाव्या ताटावरच्या दीपकची मुलगी रडली, म्हणून तो ताट उचलून तिच्याजवळ गेला, आणि मध्ये खिंडार नको म्हणून पुढचे सगळे ताटं ओढत एकेक जागा अलीकडे सरकले. कामिनीला कुठलं माहीत? ती आली, रांगेच्या टोकापासून बारा मोजले आणि तेराव्याला वाढायला वाकली.

“बठ्ठी भाजी संपनी का काय?” मागून मगनभाऊ म्हणाले. त्यांच्या ताटात नुसती बट्टी.

आणि समोरून लोटन नाना, टाळी देत, “दखा, मगनबी रही गया! मी एकलाच नही!”

मांडव हसला.

लताकाकू कपाळावर हात मारत आली. “मोजस कसाले? आखरी कोणले वाढं, त्याना चेहरा ध्यानमा ठेव. मंग त्याना पुढला.”

त्याचा चेहरा… मग त्याच्या पुढचा…

कामिनीच्या हातातलं ओगराळं तसंच –

– पहिली वीस नावं फोनमध्ये जपून ठेवलेली, रेंज नसली तरी यादी उघडावी म्हणून, आणि ही कल्पना माझीच, केवढी मिरवली होती – तेवढ्यात वरच्या कुणाचा तरी सौदा होतो, नाव निघतं, सगळे एकेक जागा सरकतात, एकविसावे नाना विसावे होतात – आणि माझं चाक ऑफिसातल्या ताज्या यादीकडे जाऊन काय मागतं? एकविसाव्यापासून पुढचे. जपलेल्या विसांत नाना नाहीत, पुढच्या विसांत नाना नाहीत. बट्टी घेऊन बसलेत मधल्या फटीत! आकडा नाही सांगायचा. शेवटचं नाव सांगायचं. त्याच्या पुढचे द्या म्हणायचं. खोट्या पाचशेंतलं कुणी कधी उठून गेलंच नव्हतं, म्हणून कळलं नाही…

तिला मोठ्यानं हसू आलं. चूक आपली निघाल्यावर इतकं हलकं वाटतं?

“नाना!” ती रांगेपलीकडून ओरडली. “फोन चांगला आहे तुमचा. चूक माझी होती.”

“मंग आते दिसी का?”

“आज बसते त्याच्यावर. व्यापारी कधी बघतील ते मात्र…”

“पयले मगनले भाजी वाढ.”

तिनं वाढली. लॅपटॉप आत पिशवीत होता, दहा पावलांवर, आणि पाय तिकडे ओढत होते. पण रांग अजून बरीच होती. मगनभाऊंच्या पुढे एक आजी, पुढे पावडर फासलेला मुलगा, पुढे नाकात मोठी चमकी घातलेली कुणी सासुरवाशीण जी नको नको म्हणत ताट पुढेच करत होती. प्रत्येकापाशी ती वाकायची, वर बघायची, ते तोंड नीट पाहून घ्यायची आणि मगच पुढे. किती झाले, किती उरले, कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.