कपाटाकडे वळलेली सुई

चौथीच्या बाईंनी प्राचीन चीनचा धडा मोठ्या हौसेने शिकवायला घेतला. कागद, छपाई, होकायंत्र, बंदुकीची दारू ही चार नावं नुसती घोकून घ्यायची नाहीत, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. चुंबकावर घासलेली सुई, बुचाची चकती आणि काचेचा वाडगा त्या घरून घेऊन आल्या. सुईच्या एका टोकाला त्यांनी लाल रंग लावला होता.

कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाला खेटून स्टूल होतं, त्यावर त्यांनी पाण्याचा वाडगा ठेवला. चकतीवरची सुई डुलली, फिरली आणि लाल टोक कपाटाकडे करून थांबली.

"लाल टोक उत्तर दाखवतं. म्हणजे उत्तर तिकडे," बाई म्हणाल्या. बत्तीस वह्यांत ते उतरलंही.

पहिल्या बाकावरून एक हात वर झाला. या मुलीला सगळा वर्ग चौकसबाई म्हणायचा. "बाई, सकाळी ऊन कपाटाशेजारच्या खिडकीतूनच येतं. मग ती पूर्व ना?"

मुलीचं बरोबर आहे, हे बाईंना तिथल्या तिथे कळलं. पण अख्खा वर्ग बघत होता.

"चिनी लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी हे शोधलं. तुला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं का? बस खाली."

वर्ग खो खो हसला. मुलगी बसली. फळा कोण पुसणार, असं विचारल्यावरही तिने हात वर केला नाही.

बाईंना नावं ठेवण्याआधी आपण सगळ्यांनी जरा आपलं आठवावं. घरात, कचेरीत चूक उघडी पडली की आपणही आधी आवाज चढवतो.

शाळा सुटल्यावर शिपाईमामा खिडक्या लावायला आले. बाई वाडग्याकडे बघत बसल्या होत्या. त्यांनी मामांना सगळं सांगून टाकलं.

"कपाटाने ओढली असणार सुई," मामा म्हणाले. "त्यात काय एवढं?"

"मुलांसमोर चुकलं म्हटलं तर मान राहील का, मामा?"

"मी एकदा घंटा दहा मिनिटं आधी वाजवली होती. दुसऱ्या दिवशी वर्गावर्गात जाऊन सांगितलं, माझं चुकलं म्हणून. तेव्हापासून पोरं घड्याळ सोडून मला वेळ विचारतात." मामांनी शेवटची खिडकी लावली. "सुई काय, बाहेर नेली की सरळ होईल. त्या पोरीचं बघा."

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना पहिल्या बाकावरची जागा रिकामी होती. बाईंचा हात तिथेच थांबला. एवढ्यात दारात मुलगी दिसली, मागे तिची आई.

"यायलाच तयार नव्हती," आई म्हणाली. "म्हणते, मी आता काही विचारणार नाही, मग चालेल ना बाईंना?"

बाई खुर्चीवरून उठल्या.

"काल माझं चुकलं. तू बरोबर होतीस. ते मला तेव्हाच कळलं होतं, तरी मी तुला गप्प बसवलं. ती चूक तर जास्त मोठी."

मागून कुणीतरी विचारलं, "बाई, म्हणजे वहीतलं खोडायचं?"

"खोडा. मीही माझ्या टाचणवहीत खोडते."

सगळे मैदानाच्या मधोमध गेले. तिथे सुईने मुकाट्याने खरी उत्तर दाखवली. चिनी लोक दिशा दाखवणारा आपला चुंबकदगडाचा चमचा काशाच्या पाटीवर ठेवत, लोखंडाच्या नव्हे, हे बाईंनी सांगितलं तेव्हा मुलांना त्याचं कारण विचारावं लागलं नाही. "आणि नंतर सुई आली तेव्हा ते तिला दक्षिण दाखवणारी सुई म्हणत," बाई पुढे म्हणाल्या.

हात वर झाला. पहिल्या बाकावरचाच. "दक्षिणच का, बाई?"

"मला माहीत नाही," बाई हसून म्हणाल्या. "आपण मिळून शोधू."

मोठ्यांनी चूक कबूल केली म्हणून लहानांचा विश्वास उडत नाही. बरोबर बोलूनही गप्प बसावं लागलं, की मात्र उडतो. म्हणून उद्या आपल्या घरातलं एखादं मूल आपली चूक दाखवेल, तेव्हा आधी त्याचं ऐकून घेऊ या.

त्या दिवशी चौकसबाईने सात प्रश्न विचारले. बाईंना चारांचीच उत्तरं आली, आणि तरी त्या मजेत घरी गेल्या.